रेशमी दशी

१

मिसेस हार्डींनी विलायतेला कायमचं परत जाताना मीनाक्षीला काय दिलं, हे चाळीभर व्हायला अर्धा तासही लागला नाही. दुपारी साडेतीनला ती चपटा पुठ्ठ्याचा डबा छातीशी धरून जिना चढली, आणि चारच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ बायका दाटीवाटीने बसल्या होत्या.

हार्डीसाहेब परळच्या एका गिरणीत वीव्हिंग मास्तर. त्यांच्या मडमेला मराठी शिकवायला मॅट्रिक झालेली मीनाक्षी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा जायची. दोन वर्षांत बाई माळ्याला मराठीत रागवायला शिकल्या, आणि मीनाक्षी चहात दूध नंतर घालायला. निरोपाच्या दिवशी बाईंनी कपाटातून तो डबा काढला. आत पातळ सळसळता कागद, कागदात पॅरिसच्या कुणा नामवंत कारागिराचा रेशमी स्कार्फ. सायीच्या रंगाची जमीन, तिच्यावर निळे शिंपले, भोवती डाळिंबी काठ. कड मशीनवर दुमडलेली नव्हती. कुणीतरी बोटांत ती सुरळीसारखी वळून, न दिसणाऱ्या टाक्यांनी शिवली होती.

"रुमाल गो हा," शेजारच्या कौसल्यामावशी म्हणाल्या. तीस वर्षं वाइंडिंग खात्यात काढलेली बाई. सूत बोटांत धरलं की नंबर सांगायच्या. "पण रुमाल म्हंजे... बाय माझे! एवढां बारीक सूत आमच्या खात्यात येता तर आम्ही सगळ्यो आंधळ्यो झालो असतो."

"गळ्यात बांध की," पलीकडच्या खोलीतली कांता म्हणाली.

मीनाक्षीने बांधला. तिरकी घडी, दोन बोटं रुंद पट्टी, गाठ बाजूला, अगदी मडमेने दाखवली तशी. आरशात पाहिलं.

"खोकला झालाय का विचारतील," कांताने निकाल दिला.

मग डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ. "हां, आता मोटार पायजे. टप उघडी," पुन्हा कांता. मग अंबाड्याभोवती. मग खांद्यावर त्रिकोणी टाकून पिन. हा प्रकार मात्र सगळ्यांना पटला, आणि तिथेच ठरलं. पहिल्या मेला लालबागच्या मंडपात बायकांचं समूहगान होतं. मुंबईसकट आपलं राज्य होणार, त्या दिवशी पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मीनाक्षीच्या खांद्यावर पॅरिसचा स्कार्फ असणार. गाण्यापेक्षा स्कार्फचाच घोर तिला आधी लागला. पाच वर्षं माणसांनी लाठ्या खाल्ल्या, गोळ्या खाल्ल्या, आणि आपण मेले शिंपले कुठल्या बाजूला दिसतील याचा विचार करतोय! तिला लाज वाटली. पण फार वेळ नाही.

डब्यात एक कार्ड होतं. तिने ते मोठ्याने, मराठी करून वाचून दाखवलं. गरम पाण्यात घालू नये. पिळू नये. उन्हात वाळवू नये. इस्त्री उलट्या बाजूने, किनारीवर मुळीच नको. घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडावी, नाहीतर रेशीम तिथेच फाटतं.

"एवढी निगा माझ्या पोरांची नाय झाली," कांता म्हणाली, आणि आठही जणी हसल्या.

२

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बीज. सूर्य नुकताच बुडालेला, आणि गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं की गिरणीच्या दोन चिमण्यांच्या मधोमध नखाएवढी कोर दिसायची. सगळ्या बायका गॅलरीत आल्या होत्या. अंगावरच्या जुनेराची एक दशी, म्हणजे सुटा धागा, ओढायची, कोरीच्या दिशेने फुंकायची आणि म्हणायचं, "जुनं घे, नवं दे."

मीनाक्षीच्या कडेवर तिची लेक राधा होती. चौदाव्या महिन्यात पडलेली, गोल चेहऱ्याची, होळीपासून चालायला लागलेली. वारा सुटला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर मिरवायचं होतं म्हणून, मीनाक्षीने तो स्कार्फ तिच्या डोक्याला कुंचीसारखा बांधला होता.

"दशी काढ गो, ढगात जाईल चंद्र," कौसल्यामावशींनी हाक दिली.

मीनाक्षीने अंगावर पाहिलं. नेसूची साडी कालच्या पाडव्याची, कोरी. पोलकं नवं. जुनं असं अंगावर काही नव्हतंच. आत जाऊन जुनेर शोधायचं तर कोर गेली असती. एवढ्यात तिला दिसलं: राधाच्या कानाशी, स्कार्फच्या कोपऱ्यातून एक केसाएवढा धागा सुटून लोंबत होता. तो तसाच राहिला असता तर किनार उसवत गेली असती. एका कामात दोन कामं होत होती. शिवाय तिचा या गोष्टींवर विश्वास थोडाच होता? मॅट्रिकला भूगोलात चंद्राच्या कला काढून तिने दहापैकी नऊ मिळवले होते.

तिने धागा ओढला. तो सहज आला, बोटाएवढा लांब. पोरीला छातीशी धरून तिने तो फुंकला आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, "जुनं घे, नवं दे."

राधा चंद्राकडे बघून खुदकन हसली.

३

चार दिवसांनी जे व्हायचं तेच झालं. मीनाक्षी आरशासमोर खांद्यावरची घडी बसवत होती आणि राधाने वरणभाताची मूठ थेट शिंपल्यांवर दाबली.

मीनाक्षी एवढ्याने ओरडली की कौसल्यामावशी लाटणं घेऊन धावत आल्या. हळदीचा डाग, तळहाताएवढा. गार पाणी, तांदळाचं धुवण, रिठ्याचा फेस, सगळं हलक्या हाताने करून पाहिलं. डाग पिवळा होता तो तांबूस झाला. रात्री तिने स्कार्फ सावलीत पसरला आणि जेवलीही नाही.

सकाळी डाग नव्हता.

फिकट झाला होता असंही नाही. तिथे कधी काही पडलंच नव्हतं असं रेशीम होतं. मीनाक्षीने ते खिडकीशी नेलं, उलटं केलं, नाकाला लावलं. डब्यातून काढलं त्या दिवशीचा कोऱ्या कागदाचा वास येत होता. तिने आनंदाने नवऱ्याला हलवून उठवलं.

दत्ताराम फोल्डिंग खात्यातला. कापडाच्या घड्या घालण्यात उभी हयात गेलेली. त्याने डोळे चोळत स्कार्फ पाहिला. "काय पक्का रंग गं! असा माल आमच्याकडे निघाला तर लोक दुसरं कापड घेणारच नाहीत. गिरणी बंद. मी घरी, तू मडमेकडे."

"मडम गेली."

"मग दोघं घरी," तो म्हणाला आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं.

तिने मग सहज कोपरा पाहिला. जिथून धागा ओढला होता तिथली किनार अखंड होती. टाका न टाका जागेवर. दुसरा कोपरा असेल, म्हणून तिने चारही पाहिले.

चारही अखंड होते.

४

त्यानंतरचे दिवस मीनाक्षीला पुढे आठवायचे ते सणासारखेच. खाली मंडपाचे बांबू येऊन पडले होते. लेझीमवाली पोरं संध्याकाळी गल्ली दणाणून सोडायची. दत्ताराम पाळी संपली की परस्पर पताका लावायला जायचा. समूहगानाच्या तालमीत तिचा आवाज कधी नव्हे तो वरच्या सुरात लागत होता. आणि घरी राधा उजळत चालली होती.

"काय लावतेस गो पोरीला?" कौसल्यामावशी विचारायच्या. "अंग बघ कसां, लोण्यासारखां."

खरंच होतं. संक्रांतीच्या सुमाराला स्टोव्हला पाय लागून पोटरीवर भाजल्याचा वण पडला होता. त्या वणाने मीनाक्षीची कितीतरी रात्रींची झोप नेली होती: आपण आई म्हणून नालायक आहोत याचा लेखी पुरावाच तो. एका सकाळी तेल लावताना तो सापडेना. तिने दोन्ही पोटऱ्या चोळून पाहिल्या. मग पोरीला उचलून तिने खोलीभर गिरकी घेतली. पुरावा गेला! सुटलो!

गिरकी घेताना तिचं लक्ष राधाच्या दंडाकडे गेलं. तिथे देवीची लस टोचल्याच्या दोन खुणा असायच्या, बटणाएवढ्या. शेजारणीच्या मुलाच्या आहेत, दत्तारामच्या आहेत, तिच्या स्वतःच्या आहेत. त्या खुणा माणसाबरोबर सरणावर जातात.

राधाचा दंड गुळगुळीत होता.

मीनाक्षी थांबली. पोर मात्र अजून गिरकी हवी म्हणून हात हलवत होती.

५

मीनाक्षी एक वही ठेवायची. चाळीतल्या बायका त्यावरून तिला चिडवायच्या, पण काळजी करणारी माणसं लिहून ठेवतात, त्याला इलाज नाही. पहिला दात गणपतीत. रांगली दसऱ्याला. बसता बसता उभी राहिली नाताळात. "पापा" म्हणाली जानेवारीच्या शेवटी. होळीला चार पावलं टाकली. शिमग्याच्या नोंदीखाली ठसठशीत लिहिलं होतं: दात आठ.

एप्रिलच्या मध्यावर तिने भरवताना बोट फिरवलं. सहा.

पुन्हा फिरवलं. राधा चावली. चावणारे सहा.

"मोजताना चुकली असशील," दत्ताराम म्हणाला.

"आठापर्यंत मला येतं."

"मग मडमेसारखं इंग्रजीत मोजलं असशील."

ती दवाखान्यात गेली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी राधाचं तोंड उघडून पाहिलं, हिरड्या दाबल्या. "छान आहेत. पडल्याची खूणच नाही. बाई, दात काय, आले की आले. आयांना मोजायची फार घाई असते."

"पण ही चालत होती. आता बसूनच असते."

"उन्हाळा आहे. पोरं मागे येतात थोडी." त्यांनी बाटलीत गुलाबी औषध दिलं.

मागे येतात. मीनाक्षी ते शब्द घोळवत घरी आली. डॉक्टर शिकलेले, आपणही शिकलेलो. दोन शिकलेल्या माणसांचं एकमत झालं की गोष्ट मिटायला हवी. तिने राधाला जमिनीवर उभं केलं. पोरीचे पाय कणकेसारखे दुमडले. मग ती पालथी झाली आणि रांगत, हसत, आईकडे आली. दसऱ्याला आली होती तशी.

त्या संध्याकाळी दत्ताराम दारात आला तेव्हा राधाने हात पसरले. तोंड उघडलं. "पापा" आला नाही. नुसता श्वास आला.

६

संक्रांतीला राधाचं बोरन्हाण झालं होतं. त्यासाठी शिवलेलं काळं झबलं घालतानाच बगलेत घट्ट झालं होतं आणि महिन्याभरात चढेनासं झालं. एकोणीस एप्रिलच्या दुपारी मीनाक्षीने ते ट्रंकेतून काढलं. स्वतःला ती बजावत होती की आपण फक्त खात्री करतोय.

झबलं अंगात सरकन गेलं. बगलेत दोन बोटं राहिली.

तिने वही उघडली. दात चार. रांगते. शब्द नाही. म्हणजे नऊ महिन्यांची. तीन आठवड्यांत पोर पाच महिने मागे गेली होती. उरले नऊ. त्रैराशिक मांडायला तिला शाळेतही आवडायचं. तिने मांडलं. उत्तर आलं सत्तावीस मे. ती तारीख तिने इतकी खोडली की कागद फाटला.

स्कार्फ डब्यात होता. डाग नाही, सुरकुती नाही, घडीची मोडसुद्धा नाही. मीनाक्षीने तो घेतला आणि मोरीत उकळत्या पाण्याची बादली ओतली. मूठभर सोडा घातला. कार्डावर जे जे करू नका म्हटलं होतं ते एकेक करून ती करत गेली. उकळला, पिळला, दगडावर आपटला, गच्चीवर भर उन्हात टाकला, तापून लाल झालेली इस्त्री किनारीवर दाबली. करपल्याचा वास खोलीभर झाला. शिंपल्यांवर तपकिरी वळ उठला. तो पाहून तिच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

सकाळी वळ नव्हता. वास होता तो फक्त कोऱ्या कागदाचा.

पाळण्यातून राधा तिच्याकडे पाहून तोंडभर हसली. काल चार होते; आज खालचे दोन दात, वर नुसती हिरडी.

७

"मावशी," मीनाक्षीने तांदूळ निवडणाऱ्या कौसल्यामावशींना विचारलं, "बिजेला जुन्याच्या ऐवजी नव्याची दशी दिली तर?"

"नव्याची?" मावशी हसल्या. "नव्याची कोण देता, वेडे? नवां आपल्याकडे ठेवायचां. जुनां द्यायचां." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू थोडं कमी झालं. "काय झालां गो? पोर बरी आहे ना?"

"दात येतायत," मीनाक्षी म्हणाली. ते खोटं होतं, आणि ते खरं व्हावं असं तिला वाटत होतं.

पुढची बीज सत्तावीस एप्रिलला. तोवरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. खाली मंडप उभा राहिला, दिव्यांच्या माळा लागल्या. तालमीला ती जायची. गायचीही. पोर झोळीत घालून सगळ्या बायकांमध्ये ठेवायची, कारण खोलीत एकटीला तिच्याकडे बघवत नसे. "केवढीशी गं ही," एक नवी बाई म्हणाली, "पाच महिन्यांची का?" कांताने हसून तिची चूक सुधारायला तोंड उघडलं, झोळीत डोकावली, आणि तशीच मागे सरून आपल्या जागी जाऊन बसली.

बिजेच्या संध्याकाळी मीनाक्षी सगळ्यांच्या आधी गॅलरीत जाऊन उभी राहिली. जसं केलं होतं तसंच करायचं होतं, फक्त उलट. पोर छातीशी. पोरीच्या डोक्याला स्कार्फ, कानाशी तोच कोपरा. आपण काय करतोय याचं तिला हसूही आलं. भूगोलाच्या बाईंनी पाहिलं तर दहापैकी नऊ परत घेतले असते. कोर दिसली. तिने नखाने किनार उचकटली. धागा या वेळी सहज आला नाही. कुणीतरी पलीकडून धरल्यासारखा ताणला, आणि मग तुटला.

"नवं घे," ती कुजबुजली, "जुनं दे."

शेजारी उभ्या कौसल्यामावशींनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

८

सकाळी स्कार्फवर हळदीचा डाग होता.

मीनाक्षीने त्याला ओठ लावले. धावत पाळण्याशी गेली. हिरडीतून एक पांढरं टोक आलं होतं! दुपारपर्यंत दुसरं. डबा उघडावा तर स्कार्फवर इस्त्रीचा तपकिरी वळ परत येत होता, सोड्याने उडालेला रंग परत उडत होता, आणि जसजसं ते रेशीम विटत होतं तसतशी पोर भरत होती. त्याच संध्याकाळी रांगली. एकोणतीसच्या दुपारी भिंत धरून उभी राहिली. दत्ताराम पाळीवरून आला तर दारातच "पापा!"

"बघ," तो म्हणाला, "म्हणत होतो ना मी? मागे येतात आणि पुढे जातात पोरं."

मीनाक्षी त्याच्या गळ्यात पडून रडली, हसली, पुन्हा रडली. तीस तारखेला तिने बोट फिरवलं. आठ. पोटरीवर भाजल्याचा वण होता. तो तिने शंभर वेळा कुरवाळला. दंडावर देवीच्या खुणा होत्या. तिने वहीत लिहिलं, आठ, आणि वही मिटून ट्रंकेच्या तळाशी टाकली. आता मोजायचं नाही. पुरे.

स्कार्फ तिने खुंटीवर टाकून दिला. आता तो मिरवण्यासारखा राहिलाच नव्हता. त्याची तिला काडीची खंत वाटली नाही.

पहिल्या मेची पहाट ढोलांनी उजाडली. गल्लीतून घोषणा उठत होत्या, पोरं पताका घेऊन पळत होती, कुणीतरी पेढे फेकत होतं आणि कुणीतरी झेलत होतं. दत्ताराम केव्हाच खाली गेला होता. "मीने, आटप! पहिली रांग!" कांता जिन्यातून ओरडली. मीनाक्षी आरशासमोर उभी राहून अंबाड्यात गजरा खोवत होती. छातीत नुसती लेझीम वाजत होती. आरशात तिच्या मागे खुंटी दिसत होती आणि खुंटीवर स्कार्फ.

तो खाली गळत होता.

वारा नव्हता. खिडकी लागलेली होती. तरी किनारीतून एकेक धागा आपोआप सुटून जमिनीवर उतरत होता, सावकाश, न थांबता. खाली सायीच्या रंगाचा वीतभर ढीग झाला होता. मधल्या शिंपल्यांतून पलीकडची भिंत दिसत होती. कापड इतकं जीर्ण व्हायला किती वर्षं वापरावं लागतं? पाच? सात?

मीनाक्षीचा हात गजऱ्यावरच राहिला. वळायचं नाही, असं तिने ठरवलं. खाली जायचं, गायचं, आणि परत आल्यावर बघायचं. पाठीमागे पाळण्याची दोरी करकरली. एवढ्या वजनाने ती कधी करकरली नव्हती. मग जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज आला, आणि पावलं. डुलत पडणारी नव्हेत. सरळ, भराभर, चालण्याची सवय असलेली.

पदर मागून ओढला गेला. हात तिच्या कमरेच्याही वर पोचला होता.

"आई," मागून स्वच्छ, समजूतदार आवाज आला, "माझा हा दात हलतोय गं."